वडील हयात असल्याबाबत

राज्य बदलून आमचा मुलूख मुंबईला जोडला गेला, त्याच्या पुढच्या वर्षी जालन्यात नोकऱ्यांची कचेरी उघडली. कचेरी म्हणजे स्टेशनाच्या वाटेवरच्या एका घरातल्या पुढच्या दोन खोल्या. बेकारांनी तिथे नाव नोंदवायचं, ज्यांना माणसं पाहिजेत त्यांनी तिथे मागणी पाठवायची, आणि कचेरीनं दोघांची गाठ घालून द्यायची, अशी योजना होती. मी पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवलं. चार महिने माझी कोणाशीही गाठ पडली नाही.

पाचव्या महिन्यात कचेरीच्या दारावर कागद लागला. कचेरीलाच एक कारकून पाहिजे होता. काम असं, की येईल त्याची माहिती टिपून घ्यायची, अर्ज तपासायचे आणि मागणी येईल तशी लायक माणसं निवडून यादी करायची. म्हणजे दुसऱ्यांना नोकरी लावण्याची नोकरी. मला स्वतःला नोकरी नव्हती, पण ही अडचण असल्याचं कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, सगळं उर्दूतून. त्यानंतर हसनाबादला दोन वर्षं प्रौढांच्या वर्गावर शिकवलं. वर्ग बंद झाला तसा मी घरी आलो. घरात आई, वडील आणि मी. वडिलांना मी दादा म्हणत असे. ते मोंढ्यात एका मारवाडी शेटजींच्या कापसाच्या अडतीवर हमालांचे मुकादम होते.

अर्ज कसा लिहायचा हे मला माहीत नव्हतं आणि त्याची लाज वाटण्याचं कारणही नव्हतं. अर्ज लिहायला गावात माणूस होता. तहसिलीच्या आवारात पत्र्याखाली एक अर्जनवीस बसत. निजामाच्या काळात ते उर्दूत अर्ज लिहीत. राज्य गेलं, उर्दू गेली, पण ते आणि त्यांची चटई तिथेच राहिली. आता ते इंग्रजीत लिहीत.

"इंग्रजीत लिहिलं की वजन पडतं," ते म्हणाले. "तू फक्त नाव सांग आणि खाली सही कर."

माझं इंग्रजी बेताचं होतं. त्यांचं अक्षर इतकं सुंदर होतं, की वाचायचा प्रयत्न करणं मला बरं दिसलं नाही. मी सही केली.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. कचेरीचे साहेब साताऱ्याकडचे, चाळिशीचे. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही अशी त्यांची ठेवण होती. त्यांनी मला बसायला सांगितलं, माझा अर्ज समोर घेतला आणि हळू आवाजात विचारलं,

"वडील कधी गेले?"

"सकाळी सातला," मी म्हणालो.

त्यांनी टाक खाली ठेवला. "आज?"

"आजही. रोजच जातात."

"कुठे?"

"मोंढ्यात. दुपारी जेवायला येतात."

साहेबांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं, थोडा वेळ माझ्याकडे. मग कागद माझ्याकडे फिरवून एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीतला शेवटचा शब्द मला येत होता : एक्स्पायर्ड. परवान्याची मुदत संपली की त्यावर तो शब्द लिहितात.

"आईंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, असंही आहे."

"काल तिनं सुईत दोरा ओवला."

"पाच लहान भावंडं?"

"एक बहीण आहे. माझ्याहून मोठी. परतूरला दिलीय."

साहेबांनी कागद परत आपल्याकडे ओढला. मला वाटलं आता ते पोलिसांना बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. ते म्हणाले, "एकतीस अर्ज आलेत. सव्वीस जणांचे वडील वारलेत. अक्षर एकच आहे. काय झालंय ते माझ्या लक्षात आलं, म्हणून सगळ्यांनाच एकेक करून बोलावतोय. पण मला एक सांगा. समजा हे सगळं खरं असतं. तर त्यातलं काय या कामाला उपयोगी पडलं असतं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"पुढच्या सोमवारपर्यंत दुसरा अर्ज आणा," ते म्हणाले. "मराठीत. स्वतःच्या हातानं. एकच पान. तुम्ही काय केलंय ते लिहा. काय सोसलंय ते नको."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली. तिला आंधळं केल्याबद्दल ती काही बोलली नाही. संध्याकाळी दादा ताटावर बसले तेव्हा तिनं त्यांना वाढता वाढता सांगितलं,

"तुम्ही वारलात म्हणं."

दादांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. "कशानं?"

"ते लिहिलं न्हाई."

"कव्हा?"

"ते बी न्हाई."

दादा माझ्याकडे वळले. मी अर्जनवीसांचं नाव सांगितलं. दादांनी मान हलवली आणि आणखी एक भाकरी मागितली. त्या दिवशी तो विषय तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यात जाण्याआधी दादा माझ्याबरोबर तहसिलीत आले. अर्जनवीसांची आणि त्यांची वीस वर्षांची ओळख. दादा चटईपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मला वळखलं का?"

"असं काय इचारून राह्यले मुकादम? बसा की."

"बसतो. पन म्या तर मेल्तो ना?"

अर्जनवीसांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते बिलकुल ओशाळले नाहीत. "तुम्ही न्हाई हो," ते म्हणाले. "अर्जातला बाप येगळा असतो. तीस वर्षं लिहून राह्यलो. बाप जिवंत असलेल्या मानसाला कोणी नोकरी देत न्हाई. माझ्या सोताच्या अर्जात बी माझा बाप मेलेला हाय. अंबडला असतेत ते. खणखणीत हायेत."

"तुम्हाला नोकरी लागली का मंग?"

अर्जनवीसांनी पत्र्याकडे पाहिलं, चटईकडे पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी नवा अर्ज फुकट लिहून द्यायची तयारी दाखवली. दादांनी हात जोडले आणि ते मोंढ्याकडे निघाले.

मी घरी येऊन लिहायला बसलो. मी काय केलंय, हे लिहायला घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काहीच केलेलं नाही. मग मी माझे गुण लिहिले. मी होतकरू आहे. मी मेहनती आहे. मी प्रामाणिक असून माझा स्वभाव मनमिळाऊ आहे. मला समाजसेवेची लहानपणापासून आवड आहे. हे लिहायला अजिबात जड गेलं नाही. चार पानं झाली.

दादांना मोडी वाचता येत होती. बाळबोध अक्षर त्यांना सावकाश लागायचं, म्हणून दुपारी जेवण झाल्यावर मी त्यांना ती चार पानं वाचून दाखवली. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली. पण वाचून झाल्याबरोबर त्यांनी डोळे उघडले.

"मेहनती हाय, हे तुला कोण म्हणलं?"

"कोणी न्हाई. मीच लिहिलं."

"हे पाय. सकाळी मोंढ्यात माझ्यापुढं तीस-चाळीस मानसं उभी राहतेत. मला पाहिजेत पंधरा. समदेच म्हणतेत मी मेहनती हाय. जो दुपारी पोतं टाकून पळणार असतो, तो बी म्हणतो. म्या ते ऐकतच न्हाई."

"मंग काय ऐकता?"

"इचारतो, काल काय उचललं? कुठून कुठं नेलं? कोणाबराबर होता? बस. खरं उचललं असंल तर तो लगेच सांगतो. न्हाई उचललं तर आईच्या दुखण्यावर येतो."

मी चार पानं बाजूला ठेवली.

"हसनाबादला तुला कोण वळखत होतं?" दादांनी विचारलं.

"कोणी न्हाई."

"मंग वर्गाला मानसं आली कशी?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. पहिल्या आठवड्यात दोनच माणसं आली. एकाला वाटलं आत औषध वाटतात. दुसऱ्याला वाटलं देवी टोचतात, तो दारातूनच गेला. मी घरोघर फिरलो. शिकल्यानं काय फायदे होतात ते वरून आलेल्या पत्रकात बघून सांगितलं. लोकांनी चहा पाजला. वर्गाला कोणी आलं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी मी टपालपेटीजवळ बसून होतो. एक म्हातारा पोस्टकार्ड घेऊन आला, वाचून द्या म्हणाला. मुलगा मुंबईला गिरणीत होता. त्यानं लिहिलेल्या काही गोष्टी चारचौघांत वाचण्यासारख्या नव्हत्या. म्हातारा खाली बघून ऐकत राहिला. वाचून झाल्यावर मी त्याला म्हणालो, बाबा, पुढचं पत्र तुम्हीच वाचा, सकाळी येत जा. तो आला. मग मी दर बाजाराला तिथेच बसायला लागलो. जो पत्र घेऊन येईल त्यालाच वर्गाचं सांगायचं, बाकीच्यांना नाही. दिवाळीपर्यंत तेवीस झाले.

"टिकले किती?"

"कापूस वेचणी लागली तसे बारा गेले."

"मंग अकरा लिह."

"तेवीस आले होते ना पण."

"तेवीस आले, अकरा राह्यले, असं दोन्ही लिह. त्या अकरा जनांना काय येत होतं शेवटी?"

"पोस्टकार्ड वाचता येत होतं. सगळ्यांना."

"हे लिह."

"हे काय लिहायचं दादा? हे तर मी असंच केलं."

"लिह," दादा म्हणाले.

मी लिहिलं. ते सहा ओळींत संपलं. मला ते फारच थोडं वाटलं, पण दादा पुढे गेले होते.

"वर्ग बंद झाल्यावर काय केलं?"

"काही न्हाई. घरीच होतो."

"खोटं. गेल्या सुगीत माझ्याबराबर मोंढ्यात येत होता की. हमालांच्या हजेऱ्या कोणी लिहिल्या? बाहेरगावची मानसं आली का त्यांची गावं, नावं, कोण कशात तयार हाय, हे कोणी टिपलं?"

"ते लिहायचं न्हाई."

"कामून?"

हसनाबादेत मी मास्तर होतो, लोक मला गुरुजी म्हणत. मोंढ्यात मी मुकादमाचा मुलगा होतो आणि तीन महिने धुळीत उभा राहून हमालांची नावं लिहीत होतो. शाळेतले मित्र समोरून गेले की मी वही वर धरून तोंड झाकत असे. हे दादांनी पाहिलं असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर वाटलं, पाहिलं असावं.

"न्हाई लिहायचं तर नको लिहू," ते म्हणाले. उठले, टोपी घातली, जोडे पायात सरकवले आणि मोंढ्याकडे गेले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आधी त्यांना मारलं. आता त्यांचं काम बी मारून राह्यला का?" आणि तिनं सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

मी लिहिलं. मोंढ्यात कापसाच्या एका अडतीवर तीन महिने हमालांच्या हजेऱ्या ठेवल्या. रोज चाळीस-पन्नास माणसांशी संबंध. कोण गठाणी रचण्यात तयार, कोण काट्यावर, कोण गाडी भरण्यात, याची वेगळी यादी केली. मुकादम माणसं नेमताना ती वापरीत. मुकादम माझे वडील आहेत. हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं.

आता प्रश्न राहिला आधीच्या अर्जाचा. कचेरीच्या कागदावर दादा मयत होते आणि त्यांना परत आणणं भाग होतं. रविवारी मी त्यांना विचारलं, हे कुठे लिहू. ते म्हणाले, "पयलं हेच लिह. बाकीचं मागून." म्हणून मी विषयाच्या ओळीत लिहिलं : वडील हयात असल्याबाबत, व कारकुनाच्या जागेबाबत. खाली दोन ओळींत चूक कबूल केली. अर्ज एका पानात बसला, सहीला जरा अडचण झाली.

सोमवारी साहेबांनी अर्ज माझ्यासमोर वाचला. विषयाच्या ओळीशी ते थोडे थांबले. मग शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा वरून वाचायला लागले.

"बारा जण सोडून गेले. त्यांना अडवायचा प्रयत्न केला?"

"नाही."

"का?"

"वेचणीत मजुरी मिळते, साहेब. वर्गात मिळत नव्हती."

"आणि अकरा का राहिले?"

"त्यांची पत्रं यायची होती."

साहेबांनी मान हलवली. ते उठले, मागचं कपाट उघडलं. आत वरपासून खालपर्यंत जुनी रजिस्टरं होती, जुन्या राज्यातल्या कुठल्याशा खात्याची. त्यांनी एक काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे वाचता येईल?"

ते उर्दूत होतं, शिकस्ता म्हणतात त्या भरभर ओढलेल्या वळणात. मी अर्धं पान वाचलं. त्यात कामावर घेतलेल्या बेलदारांची नावं होती. "पुरे," साहेब म्हणाले, आणि मला जायला सांगितलं.

मी घरी येऊन सांगितलं, की नोकरी मिळणार नाही. साहेब अकराबद्दल फारसं बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. सहा महिन्यांसाठी, तात्पुरतं. दादांनी ते हातात घेतलं, अक्षर लावत लावत सगळं वाचलं आणि आईकडे दिलं. आईनं ते वाचता येत नसताना उलटंसुलटं करून पाहिलं. मग दादा नेहमीसारखे मोंढ्यात गेले. त्या दिवशी दुपारी ते जेवायला थोडे उशिरा आले. कारण विचारलं तर म्हणाले, शेटजींनी बसवून घेतलं. शेटजींना आधी कोणी सांगितलं असेल, हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी मला खुर्चीत बसून लोकांची माहिती टिपायची आहे. साहेबांनी माझ्यापुढे अर्जांचा गठ्ठा ठेवला. त्याच जागेसाठी आलेले बाकीचे तीस. प्रत्येकाला नकाराचं पत्र माझ्या हातानं जायचं होतं.

मी एकेक अर्ज वाचून पत्र लिहायला लागलो. दुसऱ्या खेपेला बहुतेकांनी गुणच लिहिले होते. होतकरू बरेच होते. अठरावा की एकोणिसावा अर्ज घनसावंगीच्या एका माणसाचा होता. तो उसाच्या गुऱ्हाळांवर माणसं पुरवायचा. चार हंगाम त्यानं लिहिले होते. प्रत्येक हंगामात कोणत्या गावांतून किती माणसं आणली, किती शेवटपर्यंत राहिली, जी गेली ती का गेली. एका हंगामात त्याच्याच चुकीनं नऊ माणसं गेली, हेही त्यानं लिहिलं होतं आणि पुढच्या हंगामात ती चूक कशी टाळली, तेही. अर्ध्या पानात सगळं. मी तो अर्ज दोनदा वाचला. मग साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, हा अर्ज माझ्यापेक्षा चांगला आहे."

"हो," साहेब म्हणाले. "सगळ्यांत चांगला तोच आहे."

"मग?"

त्यांनी मागच्या कपाटाकडे हात केला. "त्याला उर्दू येत नाही. ही रजिस्टरं वर्षभरात मराठीत उतरवून द्यायचीत. वरून हुकूम आहे."

"पण मी अर्जात उर्दूचं काही लिहिलंच नव्हतं."

"हो ना," ते म्हणाले. "शिक्षण लिहिलंत, ते कोणत्या भाषेतून ते नाही. म्हणून मला विचारावं लागलं."

खरं होतं. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेल्यानंतर आमच्याकडे उर्दू येणारी माणसं ते अर्जात लिहीत नसत. मीही सवयीनं ते गाळलं होतं. खुर्चीवर परत बसलो आणि घनसावंगीच्या माणसाला बाकीच्यांसारखंच पत्र लिहिलं.

आठवड्यानं तो स्वतःच पत्र घेऊन आला. उंच, काळासावळा, खांद्यावर उपरणं. त्यानं पत्र टेबलावर ठेवलं आणि सरळ विचारलं, "माझ्या अर्जात काय कमी होतं?"

"काही कमी नव्हतं," मी म्हणालो.

"मंग मला घेतलं कामून न्हाई?"

मी त्याला कपाट दाखवलं. त्यानं एक रजिस्टर उघडलं, उजवीकडून, डावीकडून पाहिलं आणि मिटलं. "हे मला बिलकुल जमलं नसतं," तो म्हणाला. त्याचा राग गेलेला दिसला. "मंग कागदावर तसं लिहायचं की. म्या आठ दिवस इचार करून राह्यलो, ते नऊ मानसांचं लिहायला नव्हतं पाहिजे का."

मी म्हणालो, "ते लिहिलंत म्हणूनच तुमचा अर्ज माझ्या ध्यानात राहिला."

साहेबांना विचारून मी नकाराच्या पत्रांचा मजकूर बदलला. कोणत्या कारणानं जागा मिळाली नाही, ती एक ओळ त्यात घातली. त्यानं माझं काम दुप्पट झालं.

महिन्याभरात परतूरच्या एका जिनिंग कारखान्याची मागणी आली. हंगामासाठी मजूर भरती करणारा, अनुभवी माणूस पाहिजे होता. माझी ती पहिली यादी. मी त्यात पाच नावं घातली आणि घनसावंगीच्या माणसाचं सगळ्यांत वर. त्यांनी त्यालाच घेतलं.

दिवाळी झाल्यावर त्याचं कचेरीला पहिलं मागणीपत्र आलं. कपाशी निवडायला बारा बायका पाहिजेत. लहान मूल असेल तर चालेल, सावलीची जागा आहे. पाणी आत आहे. मुकादम अंगावर ओरडतो, पण पगार शनिवारी होतो. साहेबांनी ते वाचलं, "हं" म्हणाले आणि मला दिलं. मी बाहेरच्या ओट्यावर गेलो. तिथे सकाळपासून सात-आठ बायका बसल्या होत्या. त्यांना मी ते पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. मुकादमाच्या वाक्याला त्या हसल्या आणि त्यांतल्या पाच जणी लगेच उठून उभ्या राहिल्या.